बोटीवर बिर्याणी नको: अठरा जणांच्या पार्टीचा बेत

प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसातले लोक आणि त्यांच्या घरचे मिळून अठरा जण. डिसेंबरातला शनिवार, मुंबईच्या गेटवेहून खासगी यॉट, दुपारी चार ते रात्री आठ. पाच जण शाकाहारी, त्यातले दोघे जैन, शिवाय दोन शाळकरी मुलं. साडेसहाला वाढायचा बेत ठरलाय चिकन बिर्याणी, व्हेज बिर्याणी, रायता, सोलकढी, दोन किलोंचा क्रीमचा केक आणि बिअर-व्हिस्कीचा बार. "यात काही राहिलंय का?" असं विचारलंय.

राहिलेलं काही नाही. निम्मं काढावं लागेल.

माझं स्वयंपाकघर गिरगावात आहे. गेली सोळा वर्षं, ऑक्टोबर ते मे असा बोटींचा हंगाम असतो त्यात, मी यॉटवर खाणं पोचवते. पहिल्या वर्षी मीही बिर्याणीच पाठवली होती. मोठं पातेलं, कडेनं कणीक लावून दम दिलेला, वरून चादरीत बांधलेलं. गेटवेला यॉट धक्क्याला लागत नाही, ती आत नांगरून उभी असते. पायऱ्यांवरून छोट्या होडीत बसायचं आणि होडीतून यॉटवर चढायचं. आता होडी आणि यॉट काही एका तालात हलत नाहीत. एक खलाशी होडीत, एक यॉटवर, मधे पातेलं, आणि नेमकी तेव्हाच यॉट वर आणि होडी खाली गेली. पातेलं पाण्यात पडलं नाही, पण कलंडलं, कणीक सुटली आणि तूप-मसाल्याचा ओघळ पांढऱ्या डेकवरून पांढऱ्या गादीपर्यंत गेला. हळदीचा डाग तो! गादीच्या सफाईचे पैसे माझ्या बिलातून कापले, आणि ते बरोबरच होतं.

वाचलेली बिर्याणी वाढली तेव्हा खरी गंमत कळली. एका हातात ताटली, दुसऱ्यात चमचा, मग कठड्याला धरायचं कशानं? जो तो खाली बसून, पाठ कुठेतरी टेकवून, समोरच्या सूर्यास्ताकडे न बघता ताटलीकडे बघत जेवत होता. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: बोटीवर जेवण ठेवायचं नाही, खाणं ठेवायचं. एका हातात मावेल, दोन घासांत संपेल, पातळ नसेल असं. जेवण उतरल्यावर कुलाब्यात, टेबलाशी बसून, पंख्याखाली.

बोटवाले "बुफेसकट पॅकेज" देतात हे मला माहीत आहे. बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या बोटीवर ते जमतंही. पण अठरा जणांची यॉट म्हणजे जागा बेताचीच, त्यात अंगात लाइफ जॅकेट. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेजवळ प्रवासी बोटीला अपघात झाला, त्यानंतर जॅकेटचा आग्रह वाढलाय आणि तो वाढायलाच हवा होता. पण जॅकेट घालून ताटलीत जेवून बघा एकदा. कॉलर हनुवटीला टेकते, छातीशी धरलेलं ताट दिसतच नाही, आणि रस्सा कुठे सांडला हे घरी गेल्यावर कळतं.

दुसरं कारण तब्येतीचं, आणि यात मी तडजोड करत नाही. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. दोन तासांच्या आत ते खाल्लं जावं, आणि हवा ३२ अंशांवर असेल तर तासाभरात. आता तुमच्या बिर्याणीचा हिशेब मांडा. एकला दम उतरला, दोनला गाडीत, तीनला गेटवे, चारला बोट, साडेसहाला वाढणं. साडेपाच तास झाले. भाताची गोष्ट तर आणखी वेगळी. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. रात्री अकराला सगळ्यांना एकदम उलट्या सुरू झाल्या की दोष कोळंबीला देतात. पुष्कळदा भातच गुन्हेगार असतो.

कोळंबीवरून आठवलं. समुद्रावर जातोय तर मासे हवेत, असं निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात. मी नाही देत. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बाजारापासून स्वयंपाकघरापर्यंत नीट थंड राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. तळा, भाजा, ते तसंच राहतं, आणि खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. घरी मी डोळे मिटून सुरमई खाते. बोटीवर डॉक्टर नसतो म्हणून तिथे नाही.

मग न्यायचं काय

गेटवेच्या फाटकावर बॅगा तपासतात आणि गाडी धक्क्यापर्यंत जात नाही. जे नेणार ते तुम्हाला हातात उचलून, गर्दीतून, पायऱ्या उतरून न्यायचंय. म्हणून मोठी पातेली, ट्रे, क्रेट विसरा. घट्ट झाकणाचे, एका माणसाला एका हातानं उचलता येतील असे चौकोनी डबे घ्या. गोल डबा बोटीवर घरंगळतो, चौकोनी बसून राहतो.

अठरा जणांना चार तासांसाठी मी माणशी आठ घास धरते, म्हणजे दीडशेच्या आसपास.

कोथिंबीर वडी, चोपन्न. हिच्यासारखी बोटीची सोबतीण नाही. गार झाली तरी चव जात नाही, हाताला तेल लागत नाही (तव्यावर थोड्या तेलात परतलेली हवी, कढईत तळलेली नको), आणि वाऱ्यात भुगा होत नाही. ढोकळा मात्र नको. त्याची फोड उचलली की अर्धी हातात, अर्धी मोहरीसकट शेजाऱ्याच्या मांडीवर.

तिखटमिठाच्या पुऱ्या, छत्तीस. छोट्या, मोहन घालून खुसखुशीत, ओवा-तीळ घातलेल्या. आत छुंद्याचं बोट फिरवून दुमडायच्या. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या आणि पुऱ्या का नेत होत्या, ते बोटीवर चार तास काढले की कळतं.

चटणी सँडविचचे चौकोन, छत्तीस. मुंबईचं सँडविच भिजतं ते काकडी-टोमॅटोच्या पाण्यानं. त्या दोन्ही बाहेर ठेवा. पावाच्या कडेपर्यंत, म्हणजे अगदी कोपऱ्यापर्यंत लोणी लावा, मग घट्ट चटणी, मग चीज किंवा पनीर. लोणी कडेला पोचलं नाही तर चटणीचं पाणी तिथूनच पावात शिरतं. चार-चार तुकडे बटरपेपरात गुंडाळून डब्यात उभे रचा, आडवे नकोत.

मांसाहारी लोकांसाठी चिकन टिक्क्याचे छोटे रोल, सव्वीस. चिकन कोरडं भाजलेलं, आत सुटा कांदा नाही, खालचं टोक कागदात गुंडाळलेलं. खिमा पॅटिसही चालतात, पण त्यांचा पापुद्रा वाऱ्याला फार आवडतो.

तेरा मांसाहारी आहेत म्हणून चाळीस रोल करू नका. शनिवार आहे. मारुतीचा वार म्हणून दोघं-तिघं त्या दिवशी खाणार नाहीत आणि हे ते आधी सांगणार नाहीत. डिसेंबरात मार्गशीर्ष असतो, महिनाभर न खाणारेही निघतात. एक यादी फिरवा आणि "शाकाहारी का?" असं न विचारता "त्या दिवशी काय खाणार?" असं विचारा. उत्तरं वेगळी येतात.

आता जैन मंडळी. त्यांच्यासाठी निराळा डबा करण्यापेक्षा मी शाकाहारी सगळंच कांदा, लसूण, बटाटा आणि ओलं आलं न घालता करते. आलं विसरतात लोक, तेही जमिनीखालचंच. हिरवी मिरची, जिरं, तीळ, लिंबू यांवर वडी आणि चटणी उत्तम होते, बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही. आणि रोलचा डबा अगदी वेगळ्या रंगाच्या झाकणाचा, वेगळ्या कोपऱ्यात. याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दोघांना सूर्यास्तानंतर खायचं नसतं का ते विचारा. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. तुमचा बेत साडेसहाला वाढायचा आहे. सगळे सूर्यास्ताचे फोटो काढून खायला बसतील तेव्हा ते दोघं उपाशी बघत बसतील. खाणं सव्वापाचला काढा.

भेळेचा मोह टाळा. एकदा एका वाढदिवसाला शिडाच्या बोटीवर भेळ कालवायला घेतली. तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, ओरडून सांगितलं, "बाई, वळतोय!" बोट वळली, वारा या बाजूचा त्या बाजूला गेला आणि पातेल्यातले कुरमुरे पाखरांच्या थव्यासारखे उठले. चटण्या मात्र जागच्या जागी राहिल्या. सुकं खाणं हवं तर चकली आणि भाजके चणे न्या. आणि ते हातात घेऊन कठड्याशी उभं राहू नका. थंडीत बंदरात कुरव पक्षी असतात, एलिफंटाच्या लाँचवरून लोक त्यांना गाठ्या भिरकावतात, त्यामुळे त्यांना माणसाच्या हातातला पुडा ओळखीचा झालाय. मुलांच्या हातातून तर सरळ ओढतात.

फळांत संत्री. नागपूरची तेव्हा चांगली मिळतात, फोडी सोलून डब्यात न्या. ज्याला मळमळतंय त्यालाही आंबटगोड फोड बरी वाटते. पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून. कलिंगड नको, गळतं.

केक: क्रीमचा नको, मेणबत्त्याही वाऱ्यात पेटत नाहीत. मावा केकचे चौकोन न्या. कापायचाच असेल तर जेवायला बसाल तिथे कापा.

ताटल्या थर्माकोल-प्लॅस्टिकच्या चालणार नाहीत. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, देशभर १ जुलै २०२२ पासून. कागदी ताटली रिकामी झाली की उडते. सुपारीच्या झाडाच्या पानाच्या छोट्या वाट्या घ्या, त्यांना वजन असतं आणि एका तळव्यात बसतात. कचऱ्याची पिशवी आधीच कठड्याला गाठ मारून बांधा. नंतर शोधायला जाल तर कोणीतरी समुद्रात टाकून मोकळं झालेलं असेल.

पिण्याचं

सोलकढी रद्द. नारळाचं दूध दोन-तीन तासांत फुटतं किंवा आंबतं, मग कितीही कोथिंबीर घाला. कोकम सरबत टिकतं आणि मला फार आवडतं, पण त्याचा डाग हळदीइतकाच हट्टी. म्हणून दोनशे मिलीच्या झाकणाच्या बाटल्यांत भरून देते, पेल्यात ओतून नाही. लिंबू सरबत त्याहून निर्धास्त. त्यात मीठ थोडं जास्त ठेवा, उन्हावाऱ्यानं घाम येतो आणि कळत नाही.

पाणी माणशी एक लिटर. डिसेंबर आहे म्हणून कमी करू नका, वाऱ्यानं घसा कोरडा पडतो. त्यातल्या निम्म्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीझरमधे ठेवा, वरचं बोटभर पाणी काढून, नाहीतर बाटली फुटते. याच बाटल्या खाण्याच्या पेटीत बर्फाचं काम करतात आणि सातपर्यंत प्यायचं गार पाणी होतात. खाण्याची पेटी वेगळी, पेयांची वेगळी. पेयांची पेटी दर दोन मिनिटांनी उघडते, तिच्यातला बर्फ टिकत नाही. पेल्यात घालायचा बर्फ खाण्याचाच घ्या. धक्क्यावर माशांसाठीचा मिळतो तो नको. औद्योगिक बर्फात निळा रंग घालायचा नियम राज्यात २०१८ मध्ये आला तो याच घोटाळ्यासाठी. अठरा जणांना पंधरा किलो पुरतो.

आता बार. आधी बोटवाल्याला दोन प्रश्न लेखी विचारा. पहिला, दारूचा परवाना कोणाचा? खासगी पार्टीत दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. बोटवाला "आमच्याकडे सगळं असतं" म्हणाला तर कागद बघा. वयही लक्षात ठेवा. आपल्याकडे बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतात. ऑफिसात बाविशी-तेविशीची मुलं असतीलच, त्यांच्या हातात व्हिस्की देऊन आयोजक म्हणून तुम्ही कशाला अडकता? त्या दिवशी मतदान वगैरे असून ड्राय डे नाही ना, तेही बघा.

दुसरा प्रश्न लोकांना विचारायला लाज वाटते: संडास किती आणि चालू आहे का? छोट्या शिडाच्या बोटीवर तो नसतोच. यॉटवर एक असतो, आणि त्यात कागद गेला की तुंबतो. अठरा जण, चार तास, एक संडास आणि माणशी तीन बिअर, हे गणित साडेसहाला बिघडतं. विशेषतः बायकांची फार अडचण होते. म्हणून मी बिअर माणशी दोन छोट्या कॅनवर थांबवते. पिणारे दहा धरले तर ३३० मिलीचे वीस कॅन आणि पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या, एका बाटलीत पाच पेले. रेड वाइन नको, कारण तेच, पांढऱ्या गाद्या. व्हिस्कीवाचून अडतच असेल तर एकच ७५० मिलीची बाटली, साठ मिलीचे बारा पेग होतात. काच काहीही नको, यॉटवर चपला काढायला लावतात आणि सगळे अनवाणी असतात. वाइन घरूनच स्टीलच्या थर्मासमधे ओतून आणा, पेलेही स्टीलचे. मुलांचं सरबत आणि मोठ्यांचं पेय एका रंगाचं, एका प्रकारच्या पेल्यात ठेवू नका.

चढल्या चढल्या बार उघडू नका. बोट कोणाला लागते हे पहिल्या पाऊण तासात कळतं. बंदराच्या आत पाणी शांत असतं, पण कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्राँग्जच्या दीपस्तंभापलीकडे गेलात की उघड्या समुद्राची लाट लागते, तिथे भलेभले गप्प होतात. पहिला अर्धा तास वडी आणि लिंबू सरबत, मग बोट एका जागी स्थिरावली की बार. उपाशीपोटी येऊ नका, आणि दुपारी तुडुंब जेवूनही येऊ नका, दोन्हींनी बोट लागते. ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणारच असं समजा. त्यानं गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. आणि गोळी घेतलेल्यानं दारूला हात लावू नये, दोन्हींनी गुंगी येते. अशांना केबिनमधे झोपवू नका, तिथे आणखी वाईट वाटतं. बाहेर, बोटीच्या मध्याजवळ, क्षितिजाकडे तोंड करून बसवा आणि आल्याचा तुकडा चघळायला द्या. जैन मंडळींना सुंठेची गोळी.

तांडेल आणि दोन-तीन खलाशी यांचा डबा वेगळा बांधा आणि तो सगळ्यात आधी द्या. त्यांना उरलंसुरलं देणाऱ्या पार्ट्या मी पाहिल्यात. ती माणसं दुपारपासून उन्हात असतात. आग्रह खाण्याचा करा, "एक घ्या हो" म्हणून पेल्याचा मुळीच करू नका.

सव्वासातला बार बंद. यावर पुरुषमंडळी कुरकुर करतात. पण जाताना जी होडी होती तीच येताना आहे, फक्त आता अंधार आहे. ओहोटीला गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर हिरवं शेवाळ असतं. सकाळी पूर्ण शुद्धीतला माणूसही तिथे घसरतो. पाऊण तास नुसतं पाणी आणि मावा केक.

तुमची बिर्याणी मी मारून टाकलेली नाही. साडेआठचं टेबल कुलाब्यात किंवा फोर्टात सांगून ठेवा, तिथे गरम गरम मागवा, रायत्यासकट. आणि शुक्रवारी संध्याकाळी तांडेलाला एक फोन करून विचारा की शनिवारी रात्री आठला पाणी भरतीचं आहे का ओहोटीचं. ओहोटी म्हणाला तर बार सव्वासातऐवजी पावणेसातलाच बंद करा.